पोकयाचं मैदान

टँकरच्या जाड पाइपातून पाणी धो धो पडत होतं आणि गौरांग एक चप्पल पायात, एक हातात अशा अवस्थेत वाट बघत उभा होता. मैदानात तळं साचलं की हातातली चप्पल होडीसारखी सोडायची, असा त्याचा बेत होता. पण तळं काही साचेना.

"ताई, हे पाणी जातंय कुठे?"

"जमिनीत," अदितीने पुस्तकातून डोकं न काढता सांगितलं.

"सगळं?"

आठवीतल्या अदितीला 'सगळं' या शब्दाचा नेहमीच संशय यायचा. पुस्तक मिटून ती मैदानाच्या कडेला आली. दसऱ्याच्या गर्दीत धूळ उडू नये म्हणून टँकर रोज इथे पाणी मारत होता. कडेला चिखल झाला होता, चाकांच्या खळग्यांत पाणी साचलं होतं. मधोमध मात्र, जिथे पाइप टाकून टँकरवाला चहा प्यायला निघून गेला होता, तिथे पाणी एक संथ गिरकी घेत खाली उतरत होतं. बेसिनचं बूच काढल्यावर उतरतं, अगदी तसं.

"खाली मुरूम आहे. थो पिऊन राहिला पाणी," गोलू म्हणाला.

"टँकरभर?" काजलने विचारलं. "आमची म्हैस नाही पेत एवढं."

"तुया म्हशीले इथं कोणी विचारलं?"

गोलू आणि काजल हे मामाचे शेजारी. दसऱ्याच्या सुटीत अदिती आणि गौरांग नागपूरहून सोनझरला मामाकडे आले, की या चौघांची टोळी आपोआप जमायची.

सोनझर म्हणजे रामटेकच्याही पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी वसलेलं एक झोपाळू गाव. पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या नाल्यात कुणाला तरी सोन्याचा खडा सापडला आणि रातोरात या गावाला जत्रेचं रूप आलं. नागपूरच्या लकडगंजचे व्यापारी आले, लांबलांबचे मजूर आले, एक गोरा साहेब कंपनी घेऊन आला. सगळ्यांनी मिळून टेकडी पोखरली. मग सोनं संपलं आणि जसे आले तसे सगळे निघून गेले.

ही गोष्ट केशवमामाइतकी रंगवून कुणालाच सांगता यायची नाही. मामा आधी नागपूरजवळच्या वाडीला एका गोदामात कामाला होता. ट्रकांच्या धुराला कंटाळून तो गावी परतला आणि सोनझरचा गाइड झाला. सुटीच्या दिवशी नागपूरचे पाहुणे यायचे. मामा त्यांना साहेबाचा पडका बंगला दाखवायचा, टेकडीवरचं कठडा घातलेलं खाणीचं तोंड दाखवायचा, नाल्यातली वाळू लाकडी परातीत धुऊन दाखवायचा. वाळूत काही चमकलं की पाहुणे खूश. बहुतेक वेळा तो अभ्रक असायचा. मामा तेवढं मात्र हळू आवाजात सांगायचा.

त्या दुपारीही तो एका कुटुंबाला घेऊन मैदानावर आला. तिथल्या पाटीवर त्याने स्वतःच्या हाताने सुबक अक्षरांत लिहिलं होतं: पोकळा मैदान.

"इथे, मंडळी, पोकळ्याची भाजी पिकायची," मामा म्हणाला. "खाणीतले मजूर भाकरीबरोबर हीच भाजी खायचे. म्हणून हे पोकळा मैदान."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. गोलूने डोलावली नाही.

"इथं भाजी?" तो काजलच्या कानात पुटपुटला. "इथं तर गवत पण रडत रडत उगवते."

अदितीने ते ऐकलं. गिरकी घेणारं पाणी आणि न उगवणारी भाजी या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी जाऊन बसल्या.

"गोलू, तुमच्या घरी या मैदानाला काय म्हणतात?"

"पोकयाचं मैदान. सारेच म्हणते. पाटी लागल्यापासून शायेत तेवढं पोकळा म्हणा लागते."

"आणि काळ्या म्हशीला काय म्हणता?"

"कायी म्हैस," काजल म्हणाली. "काहून वं? आज सारे माह्या म्हशीच्या मागं काहून लागून राहिले?"

"आणि डोळा?"

"डोया."

अदितीने मनातल्या मनात अक्षरं जुळवली. इथे बोलताना ळ चा य होतो. नागपूरच्या पाहुण्यांसमोर शुद्ध दिसावं म्हणून मामाने पाटी लिहिताना त्या य चा परत ळ केला, इथवर ठीक होतं. पण पुढे त्याला आठवली ती भाजी. मूळ शब्द भाजीचा नव्हताच. तो नुसता 'पोकळ' होता.

"आपण पोकळ जमिनीवर उभे आहोत," ती म्हणाली.

गौरांगने हळूच एक पाय वर उचलला. मग दुसऱ्या पायाचं काय करायचं, ते त्याला कळेना.

नुसत्या शब्दावरून काही सिद्ध होत नाही, हे अदितीला ठाऊक होतं. पण काजलने आणखी एक गोष्ट सांगितली. टेकडीखालच्या नाल्यात, एका कपारीतून बारमाही झरा येतो. तिची आई तिथे कपडे धुते. "आई रोज बडबड करून राहिली, झरा गढूय झाला म्हणून. अन् पाऊस तर कधीचाच गेला."

"टँकर कधीपासून येतोय?"

"तवापासूनच," काजल म्हणाली आणि तिचे डोळे मोठे झाले.

दुसऱ्या दिवशी काजलने घरातून कपड्यांना घालायच्या निळीची बाटली आणली. गोलूला झऱ्यापाशी बसवलं. टँकरचं पाणी सुरू होताच अदितीने गिरकीपासून दूर पोटावर पडून, लांब बांबूला बांधलेली बाटली त्या गिरकीत रिकामी केली. निळा भोवरा झाला आणि नाहीसा झाला.

मग वाट बघणं आलं. गौरांगने तेवढ्यात सतरा शंका काढल्या. नीळ खालीच अडकली तर? गोलू झोपला तर? गोलू झोपला असण्याची शक्यता अदितीलाही खरी वाटू लागली, तेवढ्यात तो नाल्याकडून धापा टाकत आला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते.

"आलं वं! नियं पाणी आलं! अन् माती पण आली संगं."

"बाटली पुरी संपवली का?" काजल हवालदिल होऊन म्हणाली. "आई मले आज नियं करते."

अदितीला हसू आलं नाही. पाणी इथून तिथे जातं, म्हणजे खाली बोगदा आहे. पाणी गढूळ होऊन बाहेर पडतं, म्हणजे ते माती घेऊन जातं. आणि ती माती कुठली, हे आता विचारायचीसुद्धा गरज नव्हती. मैदानाखालचं छत रोज थोडं थोडं पातळ होत होतं. दसऱ्याला सारा गाव आणि नागपूरच्या दोन बसभर पाहुणे त्याच छतावर सोनं लुटायला पळणार होते. मधोमध, आपट्याच्या फांदीशेजारी, माइक घेऊन केशवमामा उभा राहणार होता.

"आताच सांगू," गोलू म्हणाला. "मोठे माणसं ऐकतीलच ना."

मोठ्या माणसांनी ऐकलं. ऐकलं म्हणजे कानांनी.

मामाने सगळं मन लावून ऐकून घेतलं. 'पोकय' म्हणजे 'पोकळ' हे ऐकताना त्याचे कान लाल झाले. पण मग तो म्हणाला, "अदू, खाण टेकडीवर होती. तिचं तोंड मी रोज दाखवतो ना?"

"तोंड टेकडीवर आहे मामा. पोट कुठवर आहे, ते कुणी पाहिलंय?"

"दसरा होऊ दे. मग बोलावू कुणाला तरी." तो माइकची वायर गुंडाळत राहिला. "पहिल्यांदाच नागपूरहून बसा येतायत गं. हे जमलं तर मी इथे राहीन. नाही तर आहेच पुन्हा वाडी."

अदितीला मामाशी भांडता आलं असतं. पण तो भांडत नव्हता, विनवत होता.

उत्सव समितीचे अध्यक्ष मनोहरराव यांनी तर गोलूच्या हातांकडेच बघितलं. "रंगपंचमी आत्ताच काहून खेयून राहिले बे पोट्टे हो?"

"काका, खाली बोगदा आहे," अदिती म्हणाली. "आम्ही तपासलंय."

"माह्या आज्याच्या कायापासून तिथं मैदान आहे बेटा. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर गेले. कधी काही झालं?"

"तेव्हा टँकर नव्हता."

"मग धूय खाऊ द्याची का पाव्हण्यायले?" मनोहरराव प्रेमाने हसले आणि सगळ्यांच्या हातावर एकेक बत्तासा ठेवला. अदितीला वाटलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हसणाऱ्या माणसापुढे काहीच चालत नाही.

फोनवर बाबा म्हणाले, "मामाला सांग, तो बघेल." आई म्हणाली, "तू तिकडे जाऊ नकोस आणि गौरांगला सांभाळ." तालुक्याच्या कचेरीत फोन लावला तर नुसताच वाजत राहिला. सुटी होती. मुलांनी मैदानात दोरी बांधून 'धोका' अशी पाटी लावली. मंडपवाल्यांनी ती दोरी सोडून खुर्च्या बांधायला वापरली. काजलने शेवटी टँकरवाल्याकडेच जाऊन पाणी नका मारू म्हणून सांगितलं. "समितीनं सांगितलं तं बंद करतो," तो म्हणाला.

"आपल्याला कळलंय," गौरांग पायरीवर बसून म्हणाला, "पण त्याचा काय उपयोग? मला कळलंच नसतं तर बरं झालं असतं. निदान जेवण तरी गेलं असतं."

अदितीचं गणित सुटलं होतं, उत्तर बरोबर होतं, आणि ते तपासायला कुणी तयार नव्हतं.

दसऱ्याची दुपार कलली. मैदानाच्या मधोमध लाकडी चौथरा उभा राहिला. त्याच्या शेजारी पत्र्याच्या ड्रममध्ये थोडी माती भरून आपट्याची भलीमोठी फांदी रोवली गेली. टँकरवाल्याने शेवटचा पाइप सोडला आणि तो सुरूच ठेवून बाकीच्यांबरोबर देवळाकडे पळाला, कारण देवीची पालखी निघत होती. पालखी वाजतगाजत मैदानावर येणार, फांदीची पूजा होणार, आणि मग सगळे एकदमच फांदीवर तुटून पडणार, असा इथला रिवाज. ज्याच्या हाती जास्त पानं, त्याचं जास्त सोनं.

मैदान ओस पडलं. चौघं कडेला उभे राहून बघत होते. पाणी आता गिरकी घेत नव्हतं. पडलं की सरळ नाहीसं होत होतं.

"आता नुसतं पाहायचं का?" गोलूने विचारलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. "माही आजी पण येणार आहे लुटाले. तिले तर पयता पण येत नाही."

अदिती फांदीकडे बघत होती. मैदानाबद्दल कुणाला सांगून उपयोग नव्हता. पण लोक मैदानासाठी येतच नव्हते. "गोलू, फांदी दुसरीकडे असली तर पूजा कुठे होईल?"

"फांदीपाशी. अजून कुठी?"

"शाळेमागे खडक आहे ना? उघडा, काळा, सलग?"

गोलूचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "मनोहरकाका आपल्याले सोलते."

"सोलू दे," काजल म्हणाली आणि गोठ्याकडे धावली. ती म्हशीच्या दाव्याला विहिरीचा लांब दोर जोडून घेऊन परत आली.

"मी सगळ्यात हलका आहे. मी जातो आणि बांधून येतो," गौरांग म्हणाला.

"एक पाऊलसुद्धा नाही," अदितीने त्याची कॉलर धरली. "जे काही करायचं ते कडेवरून."

दाव्याला फास केला. गोलूने नेम धरून फेकला. फास ड्रमच्या अलीकडेच पडला. दुसऱ्यांदा फेकला तर खुर्चीत अडकला आणि खुर्ची घेऊन आला.

"खुर्ची लुटाची आहे का? दे इकडे," काजल म्हणाली. पळणाऱ्या वासराला रोज आवरणारा तो हात होता. फास फांदीच्या बेचक्यात जाऊन बसला. चौघांनी ओढलं. ड्रम डगमगला, आडवा झाला, आणि फांदी माती सांडत फरफटत त्यांच्याकडे आली. देवळाकडून ढोल जवळ येत होते. चौघांनी फांदी खांद्यावर घेतली आणि शाळेच्या दिशेने पळत सुटले.

पालखी वळणावर आली तेव्हा गौरांग रस्त्याच्या मध्ये उभा राहून दोन्ही हात हलवत होता. "सोनं तिकडे आहे! शाळेमागे!"

पुढची पोरं थबकली. मैदानात ड्रम लोळत होता. शाळेमागच्या खडकावर हिरवीगार फांदी डुलत होती. कुणीतरी पळालं. एक पळाला म्हणून दुसरा, दुसरा म्हणून सगळेच. ढोलवाले वळले, पालखी वळली, नागपूरचे पाहुणे मोबाइल उंच धरून वळले. गोलूची आजी काठी टेकत टेकत, सगळ्यांना शिव्या घालत वळली. मनोहरराव "अरे थांबा, अरे इकडे" म्हणत म्हणत गर्दीबरोबरच गेले. सोनझरमध्ये शंभर वर्षांनी पुन्हा एकदा सोन्यासाठी पळापळ झाली.

अदितीने सुटकेचा श्वास घेतला. तो अर्धाच घेऊन झाला होता, एवढ्यात गावभर लावलेल्या कर्ण्यांतून आवाज आला: "मंडळी, इकडे! कार्यक्रम इकडे आहे!"

मामा. तो मागच्या पायवाटेने आधीच मैदानात पोचला होता. चौथऱ्यावर उभा राहून तो पाठ फिरवणाऱ्या गर्दीला हाका मारत होता.

अदिती पळत मैदानाच्या कडेला आली. "मामा, खाली उतर! बाहेर ये!"

कर्ण्यांपुढे तिचा आवाज तो काय! मामाने तिच्याकडे बघून 'थांब' असा हात केला आणि परत माइककडे वळला. पाइप अजून वाहत होता. जमिनीखालून बारीक गुळगुळ येत होती, आणि चौथऱ्याचा एक पाय मघापेक्षा जरा खाली गेला होता. पळत जाऊन त्याला ओढून आणावं, तर तिचं वजन पडणार. ओरडावं, तर तो ऐकत नव्हता. बोगदा, माती, पाणी, सगळं त्याला सांगून झालं होतं. आता त्याला तिथून हलवील अशी एकच गोष्ट तिच्याजवळ उरली होती.

कर्णा श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात ती जीव खाऊन ओरडली, "मामा, फांदी मी पळवली! तुझा कार्यक्रम मीच मोडला!"

मामा वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा असा राग तिने कधीच पाहिला नव्हता. माइक तिथेच टाकून तो चौथऱ्यावरून उतरला आणि तरातरा तिच्याकडे येऊ लागला. अदिती एकेक पाऊल मागे सरत राहिली, त्याला आणखी पुढे यावं लागावं म्हणून. अखेर त्याने तिचा दंड घट्ट धरला.

"का केलंस? काय वाईट केलं होतं गं मी तुझं?"

तिला फक्त रडू येत होतं.

मामाच्या मागे चौथरा एका बाजूला कलला. धडाका नाही, काही नाही. कुणीतरी सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला आणि मैदानाचा मधला भाग, चौथरा, ड्रम आणि खुर्च्यांसकट, खाली गेला. माइक मात्र वायरला लटकून चालूच होता. त्यामुळे सगळ्या गावाने ते ऐकलं. कर्ण्याकर्ण्यातून दगड गडगडत गेल्याचा आवाज, मग पाण्याची टपटप, आणि तिच्यामागून एक लांब, थंड घुमारा. शाळेमागे ढोल थांबले. पानं लुटणारे हात जिथल्या तिथे राहिले.

मामाची पकड सैल झाली. तो मटकन खाली बसला आणि त्याने अदितीला जवळ ओढलं.

संध्याकाळी खडकावरच भाषण झालं. माइक खड्ड्यात होता, म्हणून मनोहररावांना घसा ताणावा लागला. "या लेकरायनं खरं सांगितलं अन् आपण बत्तासे वाटत बसलो," ते म्हणाले. "आज माह्यासकट सारं गाव खाली असतं. नीय कोणाच्या घरची होती?"

काजलने घाबरत हात वर केला.

"शाब्बास वं पोरी!" मनोहरराव म्हणाले, आणि काजलच्या आईला आता रागावता येईना. गोलूच्या आजीने चौघांच्या हातांवर पानं ठेवली आणि गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "माह्या वाट्याले आलं तेवढं सोनं तुम्हाले," ती म्हणाली.

नागपूरच्या बसा परत गेल्या. पण सकाळी तेच पाहुणे पुन्हा आले, आणखी लोकांना घेऊन. दूरवर दोरी बांधली होती, शेजारी पोलीस उभा होता. मामाने रात्री पाटी पुसून नवी लिहिली होती: पोकयाचं मैदान. त्याने नेहमीसारखी सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला थांबून अदितीला पुढे केलं. "पुढचं ही सांगेल."

अदितीने पाणी, नीळ, झरा सगळं सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. मग बाबांच्या खांद्यावर बसलेल्या एका चिमुरडीने विचारलं, "ताई, आत्ता आपण उभे आहोत, त्याच्या खाली काय आहे?"

अदितीने मामाकडे बघितलं. मामाने तिच्याकडे बघितलं.

"माहीत नाही," अदिती म्हणाली.

"आम्हाला खरंच माहीत नाही," मामा म्हणाला. "भूगर्भवाले उद्या येणार आहेत."

सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं. मग सगळेजण, आवाज न करता, एकेक पाऊल मागे सरले. सगळ्यात आधी मनोहरराव.